नांव ज्याचें त्याला विचारावें

खोडाळ्यासारख्या डोंगरी गांवांतल्या एका निवृत्त शिक्षकानें इटालियन नांवांच्या आणि पक्वान्नांच्या उच्चारांवर बोलावें, हें ऐकून श्रोत्यांपैकीं कांहींना नवल वाटेल, कांहींना हसूंहि येईल. त्यांत त्यांची चूक नाहीं. मोखाडा तालुक्यांतला आमचा हा गांव सह्याद्रीच्या डोंगरांत वसलेला आहे. भोंवतालीं वारली, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचे पाडे. उतारावर नागली आणि वरई, खालच्या खाचरांत भात. आमच्या चुलीवर नागलीची भाकर होते. इटलीचा पदार्थ त्या चुलीनें कधीं पाहिलेला नाहीं. तेव्हां हा विषय मजकडे कसा आला, तें प्रथम सांगितलें पाहिजे.

मागें एका दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. तो मुंबईंतील एका मोठ्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरांत काम करतो. नमस्कार वगैरे झाल्यावर त्यानें खिशांतून घडी केलेला एक कागद काढला. त्यावर रोमन अक्षरांत पदार्थांचीं पंचवीस-तीस नांवें होतीं.

"गुरुजी," तो म्हणाला, "हीं मला आपल्या अक्षरांत लिहून द्या. हीं अक्षरें मला वाचतां येतात, पण तशीं वाचलीं कीं लोक हंसतात."

"कोण हंसतें?" मीं विचारलें.

"बटाट्याच्या लहान गोळ्यांचा एक पदार्थ आहे. पहिलें अक्षर जी, दुसरें एन. मीं वाचलें 'ग्नोची'. सगळें स्वयंपाकघर हंसलें. हंसणाऱ्यांत जो सर्वांत पुढें होता, तो स्वतः दुसऱ्या एका पदार्थाला 'ब्रुशेटा' म्हणतो. एकदां इटलीचेंच एक जोडपें जेवावयास आलें. तें त्याला 'ब्रुस्केत्ता' म्हणालें. तेव्हां मात्र कोणी हंसलें नाहीं."

मला इटालियन येत नव्हतें. परंतु विद्यार्थ्यानें प्रश्न विचारावा आणि शिक्षकानें पाठ फिरवावी, अशी संवय मला कधींच नव्हती. मीं त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. एक शब्दकोश मागविला, व्याकरणाचें एक लहान पुस्तक मिळविलें, आणि रोज रात्रीं नातीच्या मोबाइलवर इटलींतल्या माणसांचें बोलणें ऐकूं लागलों. आठ दिवसांचा महिना झाला. त्या महिन्यांत मला जें कळलें, त्यानें त्या मुलाचें काम झालेंच. पण माझ्या चाळीस वर्षांच्या शिक्षकीकडे मला नव्या दृष्टीनें पाहावें लागलें. आज तेंच आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम त्या भाषेचे उच्चार घेऊं. इटालियन लेखन इंग्रजीसारखें लहरी नाहीं. तें पुष्कळसें आपल्या देवनागरीसारखें आहे: नियम एकदां कळले कीं लिहिलेला शब्द बहुधा बिनचूक वाचतां येतो. त्या भाषेच्या स्वतःच्या वर्णमालेंत अक्षरें एकवीसच आहेत. स्वर स्वच्छ आहेत: आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजींतल्या 'कॅट' या शब्दांतला 'अॅ' तेथें मुळींच नाहीं. 'टी' या अक्षराचा उच्चार ट नव्हे, तर दांतांचा त. 'डी'चा ड नव्हे, तर द. म्हणून 'पास्टा' नव्हे, 'पास्ता'. 'रिकोट्टा' नव्हे, 'रिकोत्ता'. इंग्रजांचा टी आपल्या कानांना टसारखा लागतो, आणि इंग्रजी शाळेंत शिकलेल्या आपण सर्वांनीं टी दिसतांच ट लिहिण्याचा परिपाठ पाडून घेतला. इटालियन माणसाला त म्हणावयाचें असतें, मराठी माणसाला त उत्तम म्हणतां येतो, आणि तरीहि दोघांच्या मध्यें ट येऊन बसतो.

दुसरा नियम 'सी' आणि 'जी' या अक्षरांचा. पुढें ए किंवा इ हा स्वर आला तर 'सी'चा च होतो आणि 'जी'चा ज होतो. एरव्हीं क आणि ग. मित्राला इटालियनमध्यें 'आमीको' म्हणतात, पण अनेक मित्र झाले कीं 'आमीची'. लिहिण्यांत सी तोच. पुढचा स्वर बदलला म्हणून उच्चार बदलला. हें ऐकून आपणांस चमत्कारिक वाटेल. पण आपण स्वतः काय करतों? 'त्याचा' हा शब्द मोठ्यानें म्हणून पाहा, आणि लगेच 'त्याची' म्हणा. 'त्याचा' म्हणतांना जीभ दांतांच्या मुळाशीं जाते. 'त्याची' म्हणतांना ती टाळूकडे वळते. 'माझा' आणि 'माझी' यांतहि तेंच. लेखनांत च एक, झ एक, उच्चार दोन. इ आणि ए हे स्वर पुढें आले कीं व्यंजन टाळूकडे ओढलें जावें, ही खोड रोमच्या भाषेला लागली तशीच आपल्याहि भाषेला लागली. आमच्या पाड्यावरचें पांच वर्षांचें मूल हा भेद कोणीं न शिकवितां पाळतें.

आतां या नियमाचा उलटा भाग. इ किंवा ए पुढें असूनहि क किंवा ग हवा असेल, तर इटालियन मनुष्य मध्यें 'एच' घालतो. हा एच आपल्यासारखा महाप्राण नव्हे. 'येथें च म्हणूं नका, क म्हणा' एवढी सूचना देणारी ती केवळ खूण आहे. म्हणून ब्रुस्केत्ता, म्हणून स्पागेत्ती, म्हणून माझ्या विद्यार्थ्याचें ग्नोची खरें म्हणजे 'न्योक्की'. त्यांतले पहिले जी आणि एन मिळून एकच ध्वनि होतो, आणि तो आपल्या 'न्य'च्या अगदीं जवळचा आहे. 'लाझान्या' या पदार्थांतहि तोच. याच रीतीनें जी, एल आणि आय मिळून 'ल्य' होतो; 'ताल्यातेल्ले' म्हणजे कापलेल्या पट्ट्यांचा पदार्थ, त्यांत जी ऐकूंच येत नाहीं. ज्या बिनतारी विद्येमुळें माझे हे शब्द आपल्या घरापर्यंत पोंचत आहेत, तिच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक म्हणजे १८७४ सालीं बोलोन्या येथें जन्मलेला मार्कोनी. त्याचें आडनांव आपण बरोबर म्हणतों. त्याचें पहिलें नांव मात्र इंग्रजी वळणानें वाचूं गेल्यास 'गुग्लिएल्मो' असें कांहींतरी होतें; तें आहे 'गुल्येल्मो'.

तिसरा नियम जोडाक्षराचा. इटालियन मनुष्य दोन त लिहितो तेव्हां दोन त म्हणतो. 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. इंग्रजाच्या कानाला हा फरक अवघड जातो. आपल्याला तो समजावून सांगण्याचें कारणच नाहीं; मका शेतांत होतो आणि मक्का अरबस्तानांत आहे, यांत मराठी माणसाचा घोंटाळा होत नाहीं.

राहिलें 'झेड' हें अक्षर. इटालियनमध्यें त्याचा उच्चार बहुधा 'त्स' होतो, कांहीं शब्दांत 'द्झ' होतो. हा त्स म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या 'चाक', 'चोर', 'चूल' या शब्दांतल्या चचा सख्खा भाऊ आहे. आपल्याकडे ज्या पदार्थाला 'पिझ्झा' म्हणतात तो मुळांत 'पित्सा'. इंग्रजसुद्धां त्याला 'पीट्सा' म्हणतो. दोन झेड पाहून त्यांतून 'झ्झा' आपणच काढला. जो ध्वनि आपल्या चुलीच्या नांवांत रोज उच्चारला जातो, तोच या पदार्थाच्या नांवांत आला तेव्हां आपण तो ओळखला नाहीं, कारण तो परक्या अक्षरांचा वेष घेऊन आला.

एवढें शिकल्यावर मीं त्या मुलाला एका कागदावर सर्व नांवें देवनागरींत लिहून दिलीं: काप्पुच्चीनो, चाबात्ता, एस्प्रेस्सो, रिसोत्तो आणि पुढचीं सर्व. त्यानें तीं वाचलीं तेव्हां मला आढळलें कीं शहरांतल्या इंग्रजी शिकलेल्या माणसापेक्षां त्याच्या जिभेवर तीं अधिक सहज बसत होतीं. त्याच्या वाचनांत इंग्रजी मध्यें नव्हतें, एवढेंच त्याचें कारण.

येथें इंग्रजी मध्यें असण्याची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धाचीं नांवें महाराष्ट्राला शंभराहून अधिक वर्षें परिचित आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं लंडनमध्यें असतां लिहिलेलें 'जोसेफ मॅझिनी' यांच्या आत्मचरित्राचें व राजकारणाचें मराठी पुस्तक १९०७ सालीं प्रसिद्ध झालें. त्या काळच्या तरुणांनीं तें किती आवडीनें वाचलें आणि सरकारनें तें कसें जप्त केलें, हा इतिहास सर्वश्रुत आहे. तेव्हांपासून 'मॅझिनी' हें नांव मराठींत रुजलें. पण त्या देशभक्ताला त्याच्या आईनें या नांवानें कधींच हाक मारली नसेल. त्याचें नांव जुझेप्पे मात्सीनी. जुझेप्पेचें 'जोसेफ' हें इंग्रजी रूप, आणि मात्सीनींतला आ गेला, त्स गेला, त्यांच्या जागीं अॅ आणि झ आले. गारिबाल्दीचा आपण गॅरिबाल्डी केला, माक्यावेल्लीचा मॅकियाव्हेली केला, गालिलेओचा गॅलिलिओ केला. ग्रंथकारांना मी दोष देत नाहीं. साधनें इंग्रजींत होतीं, आणि त्यांच्या लेखणींतून उतरलेला विचार खराच होता. मात्र इंग्रजी राज्याविरुद्ध मन पेटविणाऱ्या नांवांनींहि इंग्रजी पेहरावांतच आपल्या घरांत यावें, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

उलट एक नांव बरेंचसें ठीक उतरलें आहे. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेला आणि १६६५ सालीं मिर्झा राजे जयसिंग यांच्या छावणींत शिवाजी महाराजांशीं आपलें बोलणें झालें असें लिहून ठेवणारा व्हेनिसचा प्रवासी आपल्या इतिहासकारांच्या लेखनांत 'मनुची' म्हणून येतो. त्याचें नांव 'मानूच्ची'. स्वर थोडे आखूड झाले, चचें द्वित्व गेलें. पण सी पाहून कोणी त्याला 'मनुसी' केलें नाहीं, हें आपलें भाग्य.

हा व्यवहार एकेरी नव्हता. आपण त्यांचीं नांवें बदललीं, तशीं त्यांनींहि आपलीं बदललीं. २०१४ सालच्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. तोंपर्यंत आमचे जव्हार आणि मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यांत होते. त्या ठाण्याचा उल्लेख तेराव्या शतकाच्या अखेरच्या मार्को पोलोच्या वृत्तांतांत आहे, आणि पुढें १३२१ च्या सुमारास तेथें येऊन गेलेल्या ओदोरीको या इटालियन संन्याशाच्या वृत्तांतांतहि आहे. दोघांच्याहि ग्रंथांत तें 'ताना' आहे. इटालियन जिभेला ठ नाहीं, ण नाहीं. तिनें जें जमलें तें केलें. सोळाव्या शतकांत फ्लोरेन्सचा फिलिप्पो सास्सेत्ती नांवाचा एक व्यापारी कोचीन-गोव्याकडे आला आणि १५८८ सालीं गोव्यांतच वारला. त्यानें मात्र कान उघडे ठेवले. संस्कृतांतले सप्त, अष्ट, नव आणि आपल्या घरचे सेत्ते, ओत्तो, नोवे हे एकमेकांसारखे आहेत, सर्प आणि सेर्पे सारखे आहेत, देव आणि दीयो सारखे आहेत, असें त्यानें पत्रांतून कळविलें. युरोपांतील पंडितांनीं या नात्याचें शास्त्र बनविण्याच्या दोनशें वर्षें आधींची ही गोष्ट. तो पंडित नव्हता. पण ऐकलेला शब्द लक्षपूर्वक ऐकणें एवढें त्यानें केलें.

आतां अलीकडचें उदाहरण. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी इटलींत लढल्या. नाईक यशवंत घाडगे हे १९४४ सालच्या १० जुलै रोजीं तेवेरे नदीच्या वरच्या खोऱ्यांत धारातीर्थीं पडले. ही नदी आपण इंग्रजीवरून 'टायबर' म्हणून ओळखतों. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. २०२३ सालीं तिकडच्या मोन्तोने या गांवीं त्यांच्या नांवानें एक सूर्यघटिका स्मारक म्हणून उभारली गेली. परक्या देशांतल्या एका लहान गांवानें जवळजवळ ऐंशीं वर्षांनीं आपल्या एका शिपायाची आठवण केली, हें वाचून मला फार बरें वाटलें. नंतर मनांत आलें, तेथील एखादी आजी आपल्या नातवाला तें नांव वाचून दाखवील, तेव्हां काय म्हणेल? जी, एच, ए, डी, जी, ई. इटालियन नियमानें पहिल्या जीचा ग होईल आणि शेवटच्या जीपुढें ई असल्यामुळें त्याचा ज होईल. म्हणजे 'गाद्जे'. त्या आजीचा यांत कांहीं दोष नाहीं. ती आपल्या नियमानें बरोबर वाचील. पण एखादा मराठी मनुष्य तेथें उभा असला, तर त्यानें तिला हळूच 'घाडगे' म्हणून दाखवावें, असें आपणांस वाटेल कीं नाहीं? मग ब्रुस्केत्ता म्हणणाऱ्या त्या इटालियन जोडप्यालाहि आपल्याकडे येऊन तसेंच वाटत असेल.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. परका शब्द भाषेंत आला म्हणजे तो बदलणारच. पोर्तुगीजांच्या 'बताता'चा आपण बटाटा केला. त्यांच्या पांवाला आपण आपलें पाव हें रूप दिलें. पगार, काजू, अननस हे शब्द आपल्याकडे येऊन असे स्थायिक झाले कीं ते परके होते हें सांगावें लागतें. मग पिझ्झानेंच काय पाप केलें? माझें उत्तर असें कीं कांहींच नाहीं. तो शब्द आतां मुलांच्या तोंडीं बसला आहे. त्याला तेथून उठवावयास मी जाणार नाहीं. रोम, व्हेनिस, कोलंबस हीं नांवेंहि जुनीं झालीं. कोलंबसाला कोलोंबो म्हणण्याचा हट्ट धरला, तर श्रोत्यांना लंकेंतलें शहर आठवेल. पदार्थाचें नांव ही वस्तूची खूण असते. वस्तु आपल्या घरांत राहावयास आली कीं तिचें नांवहि घरच्या वळणाचें होतें. पदार्थाला त्याचें दुःख नसतें.

माणसाच्या नांवाचें तसें नाहीं. गांवाच्या नांवाचेंहि तसें नाहीं, कारण त्यांत माणसें राहतात. आमच्या खोडाळ्याची पाटी रोमन अक्षरांत वाचून बाहेरचे प्रवासी 'खोडाला' म्हणतात. ळ हें अक्षर रोमन लिपींत नाहीं, आणि तें कित्येकांच्या ध्यानांतहि राहिलेलें नाहीं. जव्हारला कोणी 'जवाहर' म्हणतो. वारली चित्रांनीं जगभर कीर्ति मिळविली. पण शहरांतल्या दुकानांत तीं पुष्कळदां 'वरली' चित्रें म्हणून विकलीं जातात, आणि गिऱ्हाइकाला तीं मुंबईच्या वरळीचीं वाटतात. त्या कलेला मोठी मान्यता मिळवून देणारे, २०११ सालीं पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा यांचें आडनांव मराठी वृत्तपत्रांतच कधीं 'मशे' तर कधीं 'म्हसे' असें छापलें गेलें. आपल्याच मुलुखांतल्या माणसाचें नांव आपण त्याला न विचारतां रोमन अक्षरांवरून परत मराठींत आणावें, ही मला पिझ्झापेक्षां मोठी चूक वाटते.

आणि अशी चूक मीं स्वतः केली आहे. ती सांगितल्याशिवाय हें भाषण पुरें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमच्या भागांत जन्मवारावरून मुलाचें नांव ठेवण्याची चाल आहे. सोमवारीं झाला तो सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या. वर ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली, त्याला त्याचा बाप पहिल्यानें शाळेंत घेऊन आला तेव्हां त्यानेंहि असेंच एक वाराचें नांव सांगितलें. तें कोणतें, हें मी येथें सांगत नाहीं. तें त्याचें आहे. त्या वेळीं तें मला ओबडधोबड वाटलें. पुढें शहरांत गेल्यावर मुलें याला हंसतील, असा विचार करून मीं हजेरीपटांत एक संस्कृत वळणाचें नांव लिहिलें. बापाच्याहि नांवाला 'राव' जोडून तें माझ्या मतें सुधारलें. बापाला वाचतां येत नव्हतें. त्यानें मान हलविली. मीं ती संमति समजलों. आपण एका मुलावर उपकार केला, अशा समाधानांत मीं तें पान उलटलें.

पदार्थांच्या नांवांचा कागद घेऊन तो मुलगा निघाला, तेव्हां उंबऱ्याशीं थांबून त्यानें सहज एक गोष्ट सांगितली. जमातीचा दाखला काढतांना शाळेच्या कागदावर एक नांव आणि शिधापत्रिकेवर दुसरें नांव, बापाचींहि दोन नांवें, असा प्रकार निघाला. दोन्ही नांवांचा मनुष्य एकच, हें सिद्ध करतां करतां त्याच्या किती खेपा झाल्या, किती दिवसांची मजुरी बुडाली, हें त्यानें मोजून सांगितलें नाहीं. रागावून तर मुळींच सांगितलें नाहीं. तो फक्त एवढेंच म्हणाला, "गुरुजी, तें नांव तुम्ही कुठून आणलें होतें?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. त्याच महिन्यांत मीं एका परक्या भाषेंतल्या बटाट्याच्या गोळ्यांचें नांव बिनचूक लिहावें म्हणून शब्दकोश चाळले होते, रात्रीं जागलों होतों. या मुलाचें नांव लिहितांना मला अर्धा क्षणहि पुरला होता. गोळ्यांच्या नांवावरून त्याला स्वयंपाकघरांत जे हंसले, ते एकदां हंसून मोकळे झाले. मीं हंसूं नये म्हणून केलेली गोष्ट त्याला वर्षानुवर्षें पुरली. दुसऱ्या दिवशीं मीं माझ्या हातानें एक निवेदन लिहून दिलें कीं हीं दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असून दुसरें नांव मीं घातलेलें आहे. त्याचा त्याला पुढें कांहीं उपयोग झाला. पण एका कागदानें तो काळ भरून येत नाहीं.

श्रोतेहो, या सर्वांतून मी तीन-चार साध्या गोष्टी शिकलों. त्या आपल्यापुढें ठेवून रजा घेतों. परकें नांव लिहावयाचें असेल तेव्हां तें मूळचें कोणत्या भाषेचें आहे हें आधीं पाहावें. तें इंग्रजी नसेल तर इंग्रजीला मध्यें घेऊं नये. आपल्या लिपीला त आणि ट, न्य आणि ल्य, एकेरी आणि जोड अक्षरें हीं सर्व लिहितां येतात; इतकी सोय असतां आपण तिच्याकडून उधारीवर काम करून घेऊं नये. जो शब्द रुळून आपला झाला, त्याला त्रास देऊं नये, आणि तो तसा म्हणणाऱ्याला हंसूं तर मुळींच नये. एकदां जें लेखन ठरविलें तें शेवटपर्यंत तेंच ठेवावें. आणि जिवंत माणसाच्या नांवाची शंका आली तर कोश पाहण्यापूर्वीं त्या माणसाला विचारावें: "आपण आपलें नांव कसें म्हणतां?" प्रश्न लहान आहे. तो विचारण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कामाला येणाऱ्या बाई, दूध घालणारा मुलगा, इमारतीचा पहारेकरी आमच्याच सारख्या कुठल्या तरी डोंगरांतून आलेला असतो. त्याला आपण सोईचें असें एखादें नांव दिलेलें असतें, आणि त्या नांवाला तो 'जी' म्हणून ओ देतो. उद्यां सकाळीं तो आला म्हणजे त्याला एकदां त्याचें घरचें नांव विचारून पाहा, आणि जसें तो म्हणेल तसें म्हणून पाहा. पहिल्यांदां थोडें चुकेल. तो हंसणार नाहीं.